फिरतंय म्हणजे चाललंय?

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर जून ते सप्टेंबर ही आमची सुगी. वर्षाची बहुतेक वीज याच महिन्यांत निघते आणि याच महिन्यांत धुकं इतकं दाट असतं, की मनोऱ्याखाली उभं राहून पाती दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात.

पठाराच्या कडेला एका रांगेत ६०० किलोवॉटची पाच जुनी मशीन आहेत. (पवनचक्की बाहेरचे म्हणतात, आम्ही मशीनच.) त्यातल्या शेवटच्याचे युनिट शेजाऱ्यांपेक्षा कमी पडत होते. मशीनच्या मालकाचं पत्र आलं. देखभाल आमच्या कंपनीकडे. आमच्या ऑफिसचं पहिलं उत्तर : उंचीवर हवा विरळ. खरं आहे, अकराशे मीटरच्या आसपास हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा दहा-बारा टक्के कमी भरते. पण उरलेली चार मशीन काय रत्नागिरीला उभी आहेत?

दुसरं उत्तर मात्र खोडायला अवघड होतं : त्या टोकाला वाराच कमी. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेगात ५ टक्के फरक पडला तर ऊर्जेत जवळजवळ १६ टक्के पडतो. त्यामुळे आमच्या धंद्यात कुठलाही तोटा ‘वारा नव्हता’ म्हणून खपवता येतो, आणि खपतो.

मी स्काडावरच्या, म्हणजे मशीनवर नजर ठेवणाऱ्या संगणक यंत्रणेतल्या, दहा-दहा मिनिटांच्या नोंदी काढून बसलो. जोराच्या वाऱ्यात हे मशीन व्यवस्थित ६०० गाठत होतं. म्हणजे जनरेटर, गिअरबॉक्स ठीक. तोटा होता तो मधल्या वाऱ्यात, सहा ते दहा मीटर प्रतिसेकंदाच्या पट्ट्यात. पात्यांवर शंका होती, पण उघडीप मिळाली तेव्हा दुर्बिणीतून पाहिली, तर पाती शेजारच्यांसारखीच. एरर एकही नाही.

उलगडा झाला तो दुसऱ्याच कामात. रांगेतल्या मधल्या मशीनमध्ये तेल गळत होतं. वारा पडलेला बघून आम्ही चढलो आणि काम आटपल्यावर झाकण उघडून, हार्नेसचे दोन्ही हूक अडकवून मी नॅसेलच्या, म्हणजे मनोऱ्याच्या टोकावरच्या यंत्रखोलीच्या, छतावर गेलो. धुकं फाटलं होतं. बाकीच्या मशीनची तोंडं पश्चिमेला, एका रेषेत. शेवटच्याची मात्र कूस दिसत होती. थोडीशीच.

“सर, तिकडं दरीतनं वारा वळून येतो,” खालून टेक्निशियन म्हणाला. असेलही. पण ते मशीन स्वतः काय सांगत होतं? यॉ एरर, म्हणजे मशीनचं तोंड आणि वारा यांतला कोन, शून्य. सांगणारच. नॅसेलवरच्या वाऱ्याच्या दिशादर्शकावर, म्हणजे वेनवर, विसंबून मशीन आपलं डोकं वळवतं. वेनच तिरकी बसली असेल तर मशीन इमानेइतबारे तिरकं उभं राहतं आणि स्क्रीनवर सगळं सरळ दिसतं.

पुढच्या उघडिपीत ते मशीन थांबवलं, पात्यांचा रोटर लॉक केला, डोकं वळवणारा यॉ बंद केला आणि वर गेलो. वेनच्या बुडख्यावर एक खाच असते, ती नॅसेलच्या मध्यरेषेशी जुळायला हवी. पुढून मागे दोरा ताणून पाहिला. खाच पंधरा अंशांच्या आसपास बाजूला. कागदावर हा तोटा कोसाइनच्या घनाने मोजतात, म्हणजे दहा टक्के. प्रत्यक्षात आमचा सात-आठच्या घरात होता. दोन स्क्रू ढिले केले, खाच जुळवली, आवळले. चढायला याहून जास्त वेळ लागला.

जुन्या रजिस्टरात नोंद सापडली : ‘वेन बदलली. ओके.’ तारीख आदल्या पावसाळ्याच्या आधीची. ज्याने बसवली त्याला मी फार दोष देत नाही; भर वाऱ्यात, त्या छतावर, हातमोजे घालून ती खाच शोधून बघावी. राग आहे तो करारावर. देखभालीच्या करारात आम्ही हमी देतो ती अवेलेबिलिटीची, मशीन किती तास चालण्याच्या स्थितीत होतं याची. किती युनिट निघायला हवे होते, याची नाही. हे मशीन तिरकं उभं राहून अख्खा हंगाम ‘उपलब्ध’ होतं. ठोसेघरचा धबधबा बघून इकडे येणारे पर्यटक थांबलेलं मशीन दाखवून “बिघडलंय का हो?” विचारतात, फिरणाऱ्याबद्दल कोणी विचारत नाही. आमचं ऑफिस तरी वेगळं काय करतं?

रिपोर्टात मी कोन लिहिला, जुन्या नोंदीची तारीखही लिहिली. वरून आलेल्या प्रतीत फक्त ‘वेन ॲडजस्ट केली’ एवढंच उरलं होतं. मालकाला काय कळवलं, ते मला दाखवलं नाही. उरलेल्या मशीनच्या वेन तपासू या, असं सुचवलं, तर साहेब म्हणाले, “त्यासाठी मशीन बंद ठेवावी लागतील. अवेलेबिलिटी पडेल.”

हिशेबाने त्यांचं बरोबर आहे, हेच मला पचत नाही. आता कुठल्याही कामाला छतावर गेलो, की आजूबाजूच्या मशीनचे मोबाइलवर फोटो घेतो आणि संशय येईल त्याचा नंबर डायरीत टिपून ठेवतो. कोणी विचारलं तर दाखवीन.