आमच्या बाई आणि उचललेला खडू

स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि शाळेविषयी भरभरून लिहायचं ठरवलं. प्रत्यक्षात लिहायला बसले तर जीवशास्त्राच्या बाईंखेरीज दुसरं काही सुचेना. स्नेहसंमेलनं, मैदान, घंटा यांवर बाकीचे लिहितीलच. बाईंचं नाव सांगायची गरज नाही. आपल्या शाळेत 'बाई' म्हटलं की त्याच.

चेतासंस्थेचं प्रकरण चालू होतं. पुस्तकात प्रतिक्षिप्त क्रियेला मोठी आकृती आणि ऐच्छिक हालचालीची जेमतेम दोन ओळींत बोळवण. बाईंना ते खटकायचं. "गुडघ्याखाली टोला दिला की पाय उडतो, ते मज्जारज्जू परस्पर उरकतो. मनात आणून केलेल्या कामाला सगळा मेंदू लागतो," म्हणाल्या. टेबलावर खडू ठेवला, मला पुढे बोलावलं आणि म्हणाल्या, "उचल. पण सावकाश, आणि सगळ्यांनी हिच्या बोटांकडे बघा."

हात वाटेत असतानाच बोटं उघडली होती, खडूच्या जाडीपेक्षा थोडी जास्त. मग खडूच्या जागी डस्टर. या वेळी पंजा आधीपासूनच रुंद. स्पर्श व्हायच्या आत हाताला माप कळलेलं होतं! नंतर त्यांनी माझाच डावा हात माझ्या उजव्या दंडावर ठेवला. कोपर वाकताना पुढचा स्नायू घट्ट होत होता आणि मागचा सैल सोडत होता. मज्जारज्जू एकाला कामाला लावतो तेव्हा दुसऱ्याला थोपवून धरतो, हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी दाखवलं, त्यांना १९३२ साली नोबेल मिळालं, हे मला त्या तासाला कळलं. १८७० साली फ्रिट्श आणि हिट्झिग या जर्मन संशोधकांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य वीजप्रवाह देऊन विरुद्ध बाजूचे स्नायू हलवले, तेही तेव्हाच. अख्खा तास त्या एका खडूवर गेला आणि प्रकरण मागे पडलं, पण बाईंनी त्याची पर्वा केली नाही.

आज मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझे बरेचसे पेशंट अर्धांगवायूचे. "मार मेंदूच्या उजव्या बाजूला, मग डावा हात कसा गेला?" हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न. मी कागदावर बाईंचीच आकृती काढते: मेंदूच्या पृष्ठभागावरची हालचालीची पट्टी, तिच्यात बोटांना आणि चेहऱ्याला दिलेली भली मोठी जागा, तिथून खाली उतरणारे तंतू, त्यांतल्या बहुतेकांनी मस्तिष्कपुच्छाशी, म्हणजे मेंदू जिथे मज्जारज्जूला मिळतो तिथे, बदललेली बाजू, मग मज्जारज्जूतली चेतापेशी आणि तिथून थेट स्नायू. वरचा रस्ता तुटला तर हात कालांतरानं ताठरतो. खालची चेता तुटली तर तो लुळा पडतो, स्नायू वाळतात. आम्ही उपचार ठरवतो ते हा फरक पाहूनच.

नुसतं "हात पुढे करा" म्हटलं तर पुष्कळदा काही होत नाही. समोर खरी वस्तू ठेवली की हात निघतो. खांदा-कोपर बहुधा आधी परततात. एकेक बोट सुटं हलवता येणं सर्वांत शेवटी, आणि काहींना ते कधीच जमत नाही. अशा वेळी घरच्यांशी खोटं न बोलता त्यांना धीर द्यायचा, हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड. विद्यार्थ्याचा प्रश्न अर्धवट सोडायचा नाही ही बाईंची सवय तिथं उपयोगी पडते.

मध्यंतरी शाळेत जाऊन आले. प्रयोगशाळेला कुलूप आहे आणि मेंदूची ती सुटी होणारी प्रतिकृती कुठे गेली, कुणाला माहीत नाही. चेतासंस्था आता पडद्यावरच्या चित्रफितीतून शिकवतात. चित्रफीत सुरेख आहे, पण त्या तासाला एकाही मुलानं स्वतःच्या दंडाला हात लावला नाही. मला ते फार लागलं.

मुख्याध्यापकांना विनंती आहे, प्रयोगशाळा उघडावी. नव्या प्रतिकृतीचा खर्च मी देईन. आणि चेतासंस्थेचं प्रकरण येईल तेव्हा आठवडाभर आधी कळवावं, मी रजा काढून तास घ्यायला येते.