डावखुऱ्या हातासाठी जॉयस्टिक शोधताना

एलिट डेंजरस हा अवकाशयान चालवायचा कॉम्प्युटर गेम मी आधी कीबोर्ड-माऊसवरच खेळायचे, आणि व्यापारात, लढाईत फारसं काही अडत नव्हतं. अडायचं ते स्टेशनात उतरताना. कोरिओलिस नावाची ती अवाढव्य स्टेशनं स्वतःभोवती फिरत असतात आणि त्यांच्या तोंडाशी एक आडवी फट असते. साडेसात किलोमीटरच्या आत आलं की उतरायची परवानगी मागायची, वेग १०० च्या आत आणायचा, हिरवे दिवे उजव्या अंगाला ठेवून फटीतून आत शिरायचं, लँडिंग गिअर काढायचं आणि नेमून दिलेल्या पॅडवर यान अलगद टेकवायचं. या शेवटच्या ‘अलगद’पाशी कीबोर्ड हात टेकतो. यान वर न्यायला ‘आर’, खाली आणायला ‘एफ’. बटण दाबलं की थ्रस्टर, म्हणजे यान ढकलणारं छोटं इंजिन, पूर्ण जोराने, सोडलं की बंद. मधलं काही नाही. त्यामुळे टकटक टकटक करत, धक्के खात उतरायचं. उतरता यायचं, पण बघणाऱ्याला वाटावं की यानाला उचकी लागली आहे.

म्हणून जॉयस्टिक घ्यायचं ठरवलं. सगळीकडे शोधलं तर चर्चा एकच: अमुक मॉडेल भारी की तमुक? बटणं किती, दिवे कसे, मूठ कुठल्या लढाऊ विमानासारखी? मला वाटतं, अवकाशातल्या खेळासाठी पहिला प्रश्न हा नव्हेच. विमानाला मुळात चार गोष्टी लागतात: नाक वर-खाली, पंख कलवणं, नाक डावी-उजवीकडे आणि इंजिनाचा जोर. एक स्टिक आणि एक थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) यात ते बसतं. अवकाशयानाला सहा लागतात. तीन प्रकारे फिरायचं (नाक वर-खाली, नाक डावी-उजवीकडे, स्वतःभोवती गिरकी) आणि तीन प्रकारे सरकायचं (पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवीकडे). हे सहाही अक्ष एकाच वेळी, हव्या तेवढ्याच जोराने हातात हवेत. मग प्रश्न उरतो, कुठल्या हाताला काय काम द्यायचं.

खऱ्या यानांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. अपोलोमध्ये यान फिरवायची मूठ उजव्या हाताला होती आणि सरकवायची डाव्या हाताला. डावीकडची मूठ इंग्रजी टी अक्षरासारखी होती, आणि उड्डाणाच्या वेळी कमांडरने ती घड्याळाच्या उलट दिशेने पिळली की उड्डाण सोडून सुटकेची यंत्रणा सुरू व्हायची. सोयुझमध्येही वाटणी हीच: उजवा हात फिरवणार, डावा सरकवणार. राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्ये ज्या सोयुझ टी-११ मधून गेले तेही याच घराण्यातलं. (पहिला एलिट हा खेळही १९८४ चाच. बीबीसी मायक्रो नावाच्या संगणकावर, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघांनी केलेला.) सहा अक्ष म्हणजे नेमकं काय हे पैसे न घालवता समजून घ्यायचं असेल तर स्पेसएक्सने २०२० मध्ये ब्राउझरवर ठेवलेला डॉकिंगचा सिम्युलेटर खेळून बघा. फिरवायची बटणं एकीकडे, सरकवायची दुसरीकडे. पहिल्या फेरीत सगळेच स्थानकावर आदळतात.

माझी अडचण अशी की मी डावखुरी. तीही मिसळीची. लिहिते डाव्याने, जेवते उजव्याने (आजीने लहानपणी त्या बाबतीत सूट दिली नाही), कात्री उजव्याने, बॅडमिंटनची रॅकेट डाव्याने. माऊस उजव्याने, कारण ऑफिसात तोच तसा ठेवलेला असतो. त्यामुळे ‘तू डावखुरी आहेस तर डाव्या हाताची स्टिक घे’ हा सल्ला ऐकायला सोपा, पण माझ्या बाबतीत तो खरा ठरेल याची खात्री नव्हती.

ती खात्री करून दिली घरातल्या साध्या गेमपॅडने. पॅडवर दोन छोट्या स्टिक असतात, म्हणजे चार अक्ष, आणि दोन ट्रिगर मिळून पाचवा. सहावा एखादं बटण दाबून धरून भागवता येतो. मी एलिटच्या सेटिंगमध्ये आधी फिरवणं उजव्या अंगठ्यावर ठेवलं आणि सरकवणं डाव्यावर, अपोलोसारखं. काही दिवस तसं खेळून मग उलट केलं. फरक निशाणा धरताना कळला. समोरचं यान पळत असताना त्याच्या अंगावरच्या एखाद्या भागावर, म्हणजे इंजिनावर किंवा पॉवर प्लांटवर, नेम स्थिर ठेवायचा असतो. तिथे माझा उजवा अंगठा सतत थोडा पुढे जाऊन मागे यायचा. डावा थेट जाऊन थांबायचा. ठरलं, फिरवणं डाव्याला. पैसे खर्च करण्याआधी हे पॅडवर बघून घ्या असं मी आता सगळ्यांना सांगते. आणि खरं सांगायचं तर पुष्कळांनी पॅडवरच थांबायला हरकत नाही. उतरताना ट्रिगर हलकेच दाबला की यान हलकेच खाली येतं. ‘आर-एफ’ची उचकी तिथेच जाते.

मला थांबायचं नव्हतं. अंगठ्याच्या स्टिकचा प्रवास इवलासा असतो, मनगटाएवढी बारीक हालचाल तिथे मिळत नाही.

पुण्यात माझा मामेभाऊ विमानांचे सिम्युलेटर खेळतो. त्याच्याकडे थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम स्टिक आणि तिच्या जोडीचा थ्रॉटल आहे. ही ‘होटास’ जोडी, म्हणजे एक हात थ्रॉटलवर, एक स्टिकवर. एका शनिवारी त्याच्याकडे मुक्कामच ठोकला. नेहमीच्या मांडणीत स्टिक उजवीकडे आणि थ्रॉटल डावीकडे. म्हणजे माझा हुशार हात जोर कमी-जास्त करत बसलेला आणि नेमाचं काम दुसऱ्याकडे. ती स्टिक दोन्ही हातांना चालते, मुठीचे काही तुकडे काढून डाव्या हाताचे बसवता येतात, ते आम्ही बसवले. पण थ्रॉटल डाव्या तळहाताच्या आकाराचा. तो उजवीकडे ठेवला की अंगठा जिथे यायला हवा तिथे करंगळी येते.

मी वैतागलेली बघून भाऊ म्हणाला, “अगं, एअरबसमध्ये कॅप्टन डावीकडे बसतो आणि डाव्या हातानेच उडवतो. शेजारचा उजव्या हाताने. आयुष्यभर को-पायलट म्हणून उजव्याने उडवून मग बढती मिळाली की हात बदलतो. डावखुरा असो नसो.”

“मग मीही सवय करून घेऊ म्हणतोस?”

“तसं नाही. त्याच्याकडे दोन्ही बाजूंना स्टिक आहे, एवढंच म्हणतोय.”

ते डोक्यात बसलं. ए३२० १९८८ पासून प्रवासी घेऊन उडतंय आणि त्याच्या दोन्ही खुर्च्यांना बाहेरच्या बाजूला एकेक स्टिक आहे. मला थ्रॉटल नकोच होता. मला दोन स्टिक हव्या होत्या. खेळाडू याला ‘होसास’ म्हणतात, दोन्ही हातांत स्टिक. एका स्टिकवर तीन अक्ष मिळतात: पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि मूठ पिळणं. दोन स्टिक म्हणजे बरोबर सहा. शिवाय थ्रॉटल ठेवाल तिथे राहतो, ते विमानासाठी योग्य. अवकाशात मात्र पुढे जितक्या वेळा जायचं तितक्याच वेळा मागेही सरकायचं असतं, आणि त्यासाठी सोडली की मधोमध परत येणारी स्टिक सोयीची.

आता खरेदी. पहिला डोळा होता व्हीकेबी कंपनीच्या ग्लॅडिएटर स्टिकवर, कारण ती खास डाव्या हाताच्या घडणीतही मिळते. हातात घेऊन बघितलेल्यांनी स्प्रिंगची आणि सफाईची तारीफ केली होती. पण बाहेरून मागवायचं म्हणजे किमतीवर कुरिअर, त्यावर सीमाशुल्क, त्यावर जीएसटी, वर केवायसीची कागदपत्रं. काही बिघडलं तर परत पाठवायचा खर्च वेगळा. दोन स्टिकचा हिशेब मांडला आणि तो टॅब बंद केला.

मग जुना माल. एका गृहस्थांकडे दुसऱ्याच बनावटीची एक स्टिक होती, दिसायला झकास. लॅपटॉप घेऊनच गेले. हे कुणीही करावं. विंडोजमध्ये ‘जॉय.सीपीएल’ (joy.cpl) टाइप केलं की एक छोटी खिडकी उघडते. तिच्यात स्टिक निवडून ‘प्रॉपर्टीज’ दाबलं की एक चौकोन दिसतो आणि त्यात अधिकचं चिन्ह. स्टिक सावकाश चारही कोपऱ्यांत न्यायची आणि चिन्ह कोपऱ्यापर्यंत पोचतं का बघायचं. मग चार दिशांना ओढून प्रत्येक वेळी हळूच सोडायची. चिन्ह दर वेळी त्याच ठिकाणी परत यायला हवं. या दोन्हींत ती स्टिक पास झाली. मग पिळण्याचा अक्ष. मूठ स्थिर होती, मी हातही काढून घेतला होता, आणि पडद्यावरची पट्टी मात्र थरथरत होती. थोडी पुढे, थोडी मागे, मध्येच एक उडी.

“ते ड्रायव्हरचं असेल हो,” गृहस्थ म्हणाले.

ड्रायव्हरचं नसतं बहुतेक वेळा. स्वस्त स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो: कार्बनच्या पट्टीवर एक पाती घासत फिरते आणि कुठे थांबली त्यावरून कोन कळतो. घासून घासून पट्टी झिजते, धूळ बसते आणि आकडे नाचायला लागतात. हॉल सेन्सरमध्ये काही घासतच नाही. चुंबक फिरतं आणि शेजारचा सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो, त्यामुळे झीज जवळजवळ नाही. एक मेख इथे आहे. खोक्यावर ‘हॉल’ लिहिलेलं असलं तरी ते बऱ्याचदा फक्त दोन मुख्य अक्षांपुरतं असतं, पिळण्याच्या अक्षाला साधा पोटेन्शिओमीटरच लावलेला असतो. टी.१६०००एम मध्येही तसंच आहे. मुख्य दोन अक्ष हॉलचे, प्रत्येकी १६,३८४ पायऱ्यांचे, पिळणं साधं. हे माहीत असून मी शेवटी तीच घेतली, दोन नग: एक नवी आणि एक भावाची जुनी. कारण तीच एक स्टिक डाव्या-उजव्या दोन्ही हातांना बसत होती आणि इथे मिळत होती. आणि नेम धरणाऱ्या हातावर पिळण्याचं काम मी मुद्दाम बिनमहत्त्वाचं ठेवलं.

एलिटमध्ये ते ठेवता येतं. या खेळात यान नुसतं नाक डावी-उजवीकडे वळवायला मुद्दाम सुस्त ठेवलंय. वळायचं तर आधी गिरकी घ्यायची, मग नाक वर ओढायचं. म्हणून डाव्या स्टिकवर पुढे-मागे म्हणजे नाक वर-खाली, बाजूला म्हणजे गिरकी, आणि पिळणं म्हणजे ते सुस्त वळण, नेम शेवटी जरासा जुळवण्यापुरतं. उजव्या स्टिकवर पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकणं, पिळण्यावर वर-खाली. हे शेवटचं सुरुवातीला विचित्र वाटतं. मूठ पिळल्यावर यान वर का जावं? पण हात शिकतात.

एक गाठ सुटायला वेळ लागला. सुपरक्रूझमध्ये, म्हणजे ग्रहांमधला लांबचा पल्ला तोडताना, जोर सतत धरून ठेवावा लागतो, आणि माझी स्टिक तर सोडली की मधोमध. तासन्‌तास ढकलून कोण बसणार? त्यासाठी उजव्या स्टिकच्या डोक्यावरच्या हॅटला, म्हणजे अंगठ्याने चार दिशांना ढकलायच्या छोट्या बटणाला, ठरलेले वेग दिले: वर शंभर टक्के, बाजूला पंचाहत्तर, खाली शून्य. पंचाहत्तर टक्के सगळ्यात कामाचं. पोचायला सात सेकंद राहिलेत असं दिसलं की पंचाहत्तरवर आणायचं, मग यान आपोआप नेटकं मंदावत जातं, पुढे निघून जात नाही.

मांडणीचा विचार आधी करायला हवा, पण कुणी करत नाही. स्टिक टेबलावर ठेवली की खांदे वर उचलले जातात आणि तासाभरात मान धरते. मुठी मांडीच्या उंचीला, कोपर टेकून हव्यात. तयार स्टँड परदेशी आणि महाग. आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडून अठरा मिलिमीटर प्लायच्या दोन फळ्या करून घेतल्या, टेबलाच्या कडेला सी-क्लॅम्पने खालच्या अंगाला अडकवायच्या.

“ताई, शिलाई मशीनचं पायडल बसवायचंय का?”

“नाही हो काका, विमान उडवायचंय.”

“बरं बरं. मग कडा गोल करतो, हाताला लागतील.” ती गोलाई मला सुचली नसती.

दोन्ही स्टिक एकसारख्या असल्याने आणखी एक भानगड होते. यूएसबीची जागा बदलली की खेळाला डावी कुठली नि उजवी कुठली हे उलटं वाटू शकतं, आणि एखादी वायर लावायची राहिली तर तो आपली सगळी मांडणी बाजूला ठेवून मूळची उचलतो. मी दोन्ही वायरींना आणि सीपीयूवरच्या त्यांच्या भोकांना नेलपॉलिशचे ठिपके दिलेत, लाल आणि हिरवा. शिवाय खेळाच्या ‘बाइंडिंग्ज’ फोल्डरमधली, कुठल्या बटणाला काय काम हे साठवणारी फाइल पेनड्राइव्हवर ठेवली आहे. अक्ष जुळवण्यात गेलेल्या रात्री परत कोण काढणार?

बटणांची चणचण आहे. या स्टिकवर ट्रिगर, अंगठ्याखाली तीन बटणं आणि एक हॅट. बाकीची बारा खाली बैठकीवर, हात सोडून दाबायची. लँडिंग गिअर, दिवे, माल उचलायचं दार अशी घाई नसलेली कामं तिथे टाकली. सध्या डोकं फिरवून बाजूचं बघण्यासाठी वेबकॅमवर ओपनट्रॅक हा डोक्याची हालचाल टिपणारा प्रोग्राम लावून बघते आहे. दिवसा उत्तम चालतं. रात्री खोलीतला दिवा मागून येतो आणि त्याला माझा चेहरा सापडत नाही, तेव्हा टेबललॅम्प कुठे ठेवायचा यावर घरात वाटाघाटी सुरू आहेत.