तुम्ही विचारलंत म्हणून: पहिलं पेडल कोणतं बनवू?

‘गिटारचा आवाज बदलणारं पेडल घरीच बनवायचं ठरवलंय. डिस्टॉर्शनपासून सुरुवात करू की फेजर, कोरस असं काही घेऊ? आणि सर्किट कोणतं निवडू?’ हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की उत्तर एकदाचं लिहूनच टाकतो.

डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडून करकरीत करणारं. तेही एक ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) आणि ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या सामायिक तारेला, जाणारे दोन डायोड एवढ्यावर चालणारं, म्हणजे एमएक्सआर कंपनीच्या डिस्टॉर्शन प्लसच्या जातीचं. फझ फेस (आवाज फाडणारं जुनं पेडल) नको.

यावर बहुतेकांचा चेहरा पडतो. कारण १९६६ साली आलेल्या फझ फेसमध्ये दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर सुटे भाग, याहून सोपं काय असणार? कागदावर खरंच सोपं आहे. पण मूळ सर्किट जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर बेतलेलं, आणि जर्मेनियम गळका असतो. बंद असतानाही त्यातून थोडा करंट झिरपतो आणि तापमान वाढलं की झिरपणंही वाढतं. साध्या मल्टिमीटरवर गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) मोजायला गेलात तर ही गळतीसुद्धा गेनमध्ये धरली जाते, त्यामुळे टाकाऊ ट्रान्झिस्टर दमदार दिसतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साधारण साडेचार व्होल्ट आले नाहीत, तर नोट फरफरत तुटते. शिवाय पीएनपी जातीच्या ट्रान्झिस्टरच्या फझ फेसचं ग्राउंड पॉझिटिव्ह असतं, म्हणजे बाकीच्या पेडल्सबरोबर एकाच अडॅप्टरवर ते चालत नाही. पेडल नीट वाजेना तर दोष जोडणीचा, ट्रान्झिस्टरचा की बायसचा (त्याला दिलेल्या स्थिर व्होल्टेजचा), हे नवख्याला कळायचं कसं? माझा निकष तेवढाच आहे: पहिलं सर्किट असं हवं, की प्रत्येक भाग काय करतो ते कानाला ऐकू येईल.

ऑप-अँपच्या डिस्टॉर्शनमध्ये ते येतं. बॅटरी नऊ व्होल्टची. दोन सारखे रेझिस्टर लावून तिच्या निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट तयार करायचे. सिग्नल त्या पातळीच्या वर-खाली हलतो. ऑप-अँप पिकअपचा इवलासा सिग्नल कैक पटींनी वाढवतो आणि उलटसुलट जोडलेले दोन डायोड त्याचे शेंडे छाटतात. जर्मेनियम डायोड साधारण ०.३ व्होल्टला छाटायला लागतो, सिलिकॉन ०.६ ते ०.७ ला, लाल एलईडी १.७ च्या आसपास. या डायोडच्या जागी सॉकेट सोल्डर करा, डायोड नको. मग जोड्या बदलत बसा. सिलिकॉनचा वन-एन-४१४८ कडक, करकरीत वाजतो. जर्मेनियमची धार बोथट, पण आवाज खाली जातो. एलईडी लावला की एकदम मोकळं वाटतं, आणि इथेच बरेच जण फसतात. एलईडी उशिरा छाटतो म्हणून आवाज मोठा येतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो. प्रत्येक बदलानंतर व्हॉल्यूम आधीच्या पातळीला आणा, मगच मत बनवा. ‘या डायोडचा टोन जादुई आहे’ ही निम्मी चर्चा तिथेच मिटेल.

डायोडइतकंच ऐकण्यासारखं आहे ते गेनच्या नॉबला जोडलेलं ४.७ किलोओहम रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरड कपॅसिटरचं जोडपं. गेन पूर्ण उघडलं, की साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना या जोडीमुळे वरच्यांइतकं गेन मिळत नाही. ट्यूब स्क्रीमर या दुसऱ्या पेडलमध्येही हीच जोडी, हेच आकडे. फक्त तिथे डायोड ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये (आउटपुटकडून इनपुटकडे परतणाऱ्या वाटेत) बसतात, म्हणून छाटणी मऊ होते. आता हा कपॅसिटर काढून ०.१ मायक्रोफॅरडचा लावा. सीमा ३४० हर्ट्झच्या आसपास उतरते. एकेरी नोटा भरदार होतात, पण खालच्या तारांवर पूर्ण कॉर्ड मारली की सगळा गिलावा. एका कपॅसिटरच्या अदलाबदलीत जे समजतं ते दहा स्कीमॅटिक वाचून समजत नाही.

पेडल मुकं राहिलं तर? ऑडिओ प्रोब करा. जुन्या केबलच्या आतल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा, केबलचं ग्राउंड सर्किटच्या ग्राउंडला लावा, दुसरं टोक अँपमध्ये. गिटारऐवजी फोनवरचं गाणं इनपुटला सोडा आणि कपॅसिटरचा मोकळा पाय सर्किटच्या वाटेवर एकेका ठिकाणी टेकवत जा. जिथे गाणं थांबतं, तिथे दोष. बहुतेक वेळा ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) निघतो, नाहीतर पॉटचे (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरचे) पाय उलटे जोडलेले. टेबलावर खणखणीत वाजणारं पेडल डब्यात घालून झाकणाचे स्क्रू आवळले की गप्प होतं, हा प्रकार वेगळा: पॉटची पाठ बोर्डाच्या खालच्या बाजूला टेकलेली असते. मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला.

स्वस्त पडतं का, हेही विचारता. नाही. सर्किटचे भाग किरकोळ असतात. पैसे जातात ते ॲल्युमिनियमचा डबा, जॅक आणि नऊ पायांच्या फूटस्विचमध्ये. त्या स्विचच्या पायावर आयर्न फार वेळ टेकवलंत तर आतलं प्लास्टिक वितळतं आणि तोही गेला.

आता मॉड्युलेशन, म्हणजे आवाज सतत हलता ठेवणारी फेजर, कोरससारखी पेडल्स. इथे सर्किटमध्ये एक नवा प्राणी येतो: एलएफओ, म्हणजे सेकंदाला मोजकेच हेलकावे देणारा ऑसिलेटर. म्हणून आधी ट्रेमोलो करा, त्यात एलएफओ फक्त आवाज कमी-जास्त करतो. एलईडी आणि एलडीआर (उजेडानुसार बदलणारा रेझिस्टर) समोरासमोर ठेवून काळ्या हीटश्रिंकमध्ये (तापवल्यावर आक्रसणाऱ्या नळीत) बंद करा, दोन्ही टोकं पक्कडीने दाबा. फट राहिली तर खोलीतला दिवा लावताच ट्रेमोलो उथळ होतो. एलएफओची टकटक ऐकू आली तर त्याच्या सप्लायला १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरडचा फिल्टर द्या आणि एलईडीची तार इनपुटपासून दूर न्या.

त्यानंतर फेजर. १९७४ च्या एमएक्सआर फेज ९० मध्ये फेज फिरवणारे, म्हणजे आवाजाची लहर थोडी मागे-पुढे सरकवणारे, चार टप्पे आहेत. फिरवलेला सिग्नल मूळ सिग्नलमध्ये मिसळला की सुरांच्या पट्ट्यात दोन खाचा पडतात, म्हणजे तिथले सूर गळतात, आणि त्या वर-खाली सरकतात. प्रत्येक टप्प्यात एक जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) बदलत्या रेझिस्टरचं काम करतो. अडचण ही, की एकाच नंबरच्या, एकाच पाकिटातल्या जेफेटांचं पिंच-ऑफ व्होल्टेज (ज्याला जेफेट बंद होतो ते) बरंच वेगवेगळं असतं. डझनभर मोजून चार सारखे काढावे लागतात, नाहीतर फेजर नुसता कुंथतो. दोनच टप्प्यांचं फेज ४५ आधी केलंत तर एक जोडी जुळवली की भागतं.

कोरस सगळ्यात शेवटी. त्याला बकेट ब्रिगेड आयसी (सिग्नल टप्प्याटप्प्याने पुढे ढकलून उशीर करणारी चिप) लागतो. बॉस कंपनीच्या सीई-२ कोरसमध्ये १०२४ टप्प्यांचा एमएन३००७ होता. त्याला वेगळा क्लॉक (टप्प्यांना ठोका देणारा ऑसिलेटर) हवा, क्लॉकचा आवाज गाळायला फिल्टर हवेत, बायसचा ट्रिमपॉट अचूक लावायला हवा, आणि जुन्या नंबरचे नकली आयसी सर्रास विकले जातात. पेडल वाजेना तर आयसीवर संशय घ्यायचा की स्वतःच्या सोल्डरिंगवर, हे ठरवता येत नसेल तोवर कोरस विकतचाच बरा.