आमची वाटचाल : सॉफ्टवेअरमधला बदल आणि त्याचा पुरावा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघा भागीदारांनी हिशेबाचे आणि मालसाठ्याचे सॉफ्टवेअर लिहायला सुरुवात केली, तेव्हा आमचे बहुतेक ग्राहक मकरपुरा औद्योगिक वसाहतीतले (जीआयडीसी) लहान कारखानदार होते. ग्राहकाच्या गरजा लिहून घ्यायच्या, त्यावर सही घ्यायची, मग आराखडा, प्रोग्राम आणि शेवटी चाचणी, अशा ठरलेल्या पायऱ्यांनी काम चाले. या 'वॉटरफॉल' पद्धतीचे मूळ विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधात सांगितले जाते. मात्र पायऱ्या एकदाच सरळ उतरत जाण्यात मोठा धोका आहे, असे त्यांनी त्याच निबंधात लिहून ठेवले होते, हे आम्हाला हात पोळल्यावर कळले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, आणि पुढे विवरणपत्रांच्या मुदती, नमुने व दर इतक्या वेळा बदलले की सही केलेला गरजांचा दस्तऐवज पाहता पाहता जुना होऊ लागला.

म्हणून आम्ही दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत काम करण्याची पद्धत स्वीकारली. ग्राहक समाधानी झाले, कारण त्यांनी सोमवारी मागितलेला अहवाल पुढच्या पंधरवड्यात हाती येई. मात्र अशा टप्प्याटप्प्याच्या कामामागच्या, २००१ साली सतरा जणांनी मांडलेल्या 'अजाइल' (चपळ) जाहीरनाम्याचा आम्ही सोयीस्कर अर्थ घेतला. कागदपत्रांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला अधिक महत्त्व द्यावे, एवढेच त्यात म्हटले आहे. कागदपत्रे नकोत असे कोठेही म्हटलेले नाही. आमच्याकडे मात्र मागण्या फोनवर येत, मंजुरी व्हॉट्सअॅपवर मिळे, आणि ज्याने प्रोग्राम लिहिला तोच संध्याकाळी ग्राहकाच्या सर्व्हरवर चढवी.

याचे परिणाम एका ग्राहक कंपनीच्या लेखापरीक्षणात दिसले. १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षापासून, कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहारातील बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंदवही कोणालाही बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. लेखापरीक्षकांना त्यावर अहवालात मत द्यावे लागते. जुन्या कीर्दीत चुकलेला आकडा खोडून काढत नसत, आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहीत व सही करीत; नियमाची अपेक्षा मुळात तीच आहे. आमच्या पडद्यांवरून केलेला प्रत्येक बदल नोंदला जात होता, त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. परीक्षणासाठी आलेल्या बाईंनी विचारले, "पडद्यावरून न जाता थेट डेटाबेसमध्ये आकडा बदलला, तर तो कोठे दिसतो?" तो कोठेच दिसत नव्हता. वर्षभरात आमच्याच माणसांनी अशा दुरुस्त्या केल्या होत्या, प्रामाणिकपणे आणि ग्राहकाच्या सांगण्यावरून. पण त्याचा पुरावा नव्हता, आणि ज्या खात्याने त्या केल्या त्याचा पासवर्ड चौघांकडे होता.

त्यांचा दुसरा प्रश्न मला आजही अधिक मोलाचा वाटतो. आम्ही वर्षातील बदलांची यादी एक्सेलमध्ये करून दिली, तेव्हा ही यादी पूर्ण आहे हे कशावरून, असे त्यांनी विचारले. नमुन्यासाठी त्यांनी निवडलेला प्रत्येक बदल मंजूर निघाला असता, तरी यादीत न आलेल्या बदलाबद्दल तो नमुना काहीच सांगू शकला नसता. माहिती प्रणालीच्या परीक्षणातली खरी अडचण येथे आहे. कागदी वहीची पाने क्रमांकाने मोजता येतात. सॉफ्टवेअर दर पंधरवड्याला बदलत असेल, तर परीक्षक पाहतो ती प्रणाली आणि वर्षभर वापरात असलेली प्रणाली एकच नसते, आणि मधल्या प्रत्येक अवस्थेची साखळी आम्हीच सांभाळून ठेवावी लागते.

त्यानंतर आम्ही दोन्ही पद्धतींची सांगड घातली. खतावणी, कर आणि पगार यांच्या गणितात हात घालायचा असेल, तर जुन्या पद्धतीप्रमाणे लेखी गरज, ग्राहकाची मंजुरी आणि चाचणीचा निकाल यांखेरीज पुढची पायरी चढता येत नाही. अहवाल आणि पडदे पंधरवड्याच्या टप्प्यांतच होतात. दोन्हीकडे प्रत्येक बदलाला क्रमांक असतो, आणि तो क्रमांक नसलेला प्रोग्राम सर्व्हरवर चढवणारी यंत्रणा स्वीकारत नाही. बदलांची यादी आता त्या यंत्रणेतूनच निघते, माणसाच्या हाताने नाही. सात जणांच्या कचेरीत लिहिणारा, तपासणारा आणि चढवणारा असे तीन वेगळे लोक नेहमी मिळत नाहीत, हे मान्य करून आम्ही एकच अट कधीही न मोडण्याची ठरवली : स्वतः लिहिलेले स्वतः चढवायचे नाही. यामुळे काम हळू झाले आणि एक जुना ग्राहक सोडून गेला, याचे मला वाईट वाटते. तरी अट आम्ही सैल केली नाही.

थेट डेटाबेसमधील दुरुस्तीची गरज मात्र पूर्ण संपलेली नाही, कारण कधी वर्षअखेरीच्या रात्री एखादी नोंद अडकतेच. त्यासाठीच्या खात्याचा पासवर्ड आता ग्राहकाच्या लेखा विभागात सीलबंद पाकिटात असतो. पाकीट उघडले की तारीख, वेळ, कारण आणि दोघांच्या सह्या रजिस्टरमध्ये होतात, डेटाबेस स्वतःची नोंद वेगळ्या सर्व्हरवर लिहितो, आणि दुसऱ्या दिवशी आमचा माणूस नवा पासवर्ड घालून पाकीट पुन्हा सील करून येतो.