राष्ट्राध्यक्षांची घरं आणि सुतळीचा गुंडा

अमेरिकेत आईबाबा आले की नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन हे ठरलेलंच, पण ते पहिल्या खेपेत उरकलं की दुसऱ्या खेपेला यांना दाखवायचं काय हा प्रश्न इथल्या बहुतेक मराठी घरांत पडतो. आमच्याकडे बाबांनीच तो परस्पर सोडवला. त्यांना राष्ट्राध्यक्षांची घरं बघायची होती. व्हाइट हाउस नाही, ते बघून झालंय, ही माणसं त्याच्या आधी आणि नंतर कुठे राहायची ते बघू म्हणाले. नवऱ्याने नकाशा उघडला तर आमच्या इंडियानापोलिसहून पश्चिमेला निघालं की आय-७० या महामार्गाच्या आसपास चांगली रांगच लागलेली. लेकीने मात्र अट घातली, एक घर झालं की एक येडपट गोष्ट बघायची, नाहीतर मी येत नाही.

पहिलं घर गावातच, बेंजामिन हॅरिसन यांचं. हे कोण असं विचारू नका, इथल्या लोकांनाही पटकन सांगता येत नाही. १८८८ मध्ये हे गृहस्थ प्रचाराला फारसे कुठे गेलेच नाहीत, लोकच आगगाड्या भरभरून इथे आले, भाषणं ऐकली आणि जाताना आठवण म्हणून यांच्या कुंपणाच्या फळ्या उपटून नेल्या. देशभरात मतं विरोधकापेक्षा कमी, तरी निवडून आले. पुढे व्हाइट हाउसमध्ये वीज आली तर शॉक बसेल म्हणून नवराबायको बटणाला हात लावायची नाहीत. आई म्हणाली, बरोबरच आहे, नवीन वायरिंगचा काय भरवसा.

मग केसी. इलिनॉयमधलं एवढंसं गाव, हायवेवरून कुणी आत वळावं असं काही नाही, तर तिथल्या एका उद्योजकाने जगातल्या सगळ्यात मोठ्या वस्तू बनवायचा सपाटाच लावला. आधी २०११ मध्ये ५५ फुटी विंड चाइम, मग जुन्या खांबांच्या लाकडाची ५६ फूट उंच डुलती खुर्ची, आणि एक टपालपेटी, जिच्यात जिना चढून आत जाता येतं. लेक पेटीत, नवरा खाली फोटो काढतोय, बाबा खुर्चीखाली उभे राहून वर बघतायत आणि विचारतायत, यावर बसायचं कुणी?

स्प्रिंगफिल्डला लिंकनचं घर. आयुष्यात त्याने स्वतःच्या मालकीचं असं हे एकच घर घेतलं, १८४४ मध्ये, आणि १८६१ ला वॉशिंग्टनला गेला तो परत आलाच नाही. तिकीट नाही! मुलाने, रॉबर्टने, १८८७ मध्ये घर सरकारला देताना अटच घातली होती की बघणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. बाबा तिथेच रॉबर्टवर खूश. जिन्याचा कठडा मूळचाच आहे, त्याला हात लावून वर जायचं, बाबांनी हात लावला आणि मग बराच वेळ तो हात खिशात घातला नाही. मागे परसात संडास आहे, एकाशेजारी एक तीन भोकांचा, आणि त्याच्यापुढून लेक हलायलाच तयार नाही. तिच्या यादीत तो येडपट गोष्टीत जमा झाला, म्हणजे पुढची १७० फुटी केचपची बाटली (कॉलिन्सव्हिलची १९४९ ची पाण्याची टाकी) बोनस म्हणायची.

बाटलीखाली बाबा म्हणाले, इथे माणसांची घरं छोटी ठेवतात आणि केचपची बाटली मोठी. वाक्य छान होतं पण मला अर्धंच पटलं, कारण ज्या लिंकनचं घर इतकं बेताचं त्याच्या स्प्रिंगफिल्डमधल्याच थडग्यावर ११७ फुटांचा स्तंभ आहे की. तरी आईने आणि मी तिथे लक्षात ठेवलं ते वेगळंच, बाहेरच्या ब्राँझच्या लिंकनचं नाक. नशीब उजळतं म्हणून लोक ते चोळतात, बाकी चेहरा काळपट आणि नाक सोन्यासारखं चकचकीत. ११७ फुटांकडे मान वर करून कोण बघत बसतो, हाताला लागतं ते नाक.

पण आमच्या ट्रिपचा खरा हिरो ठरला ट्रुमन. मिझुरीतल्या इंडिपेंडन्समधलं घर मोठं आहे, पांढरं, लाकडी, फक्त ते त्याचं नव्हे. सासरचं. १९१९ मध्ये लग्न करून तो बायकोच्या माहेरी राहायला गेला तो तिथलाच झाला. आईने मला मध्येच थांबवलं, म्हणजे हा घरजावई? हो. आणि सासू? सासूबाई मॅज वॉलेस सोबत व्हाइट हाउसमध्येसुद्धा राहायला होत्या, तिथेच १९५२ च्या डिसेंबरमध्ये गेल्या, आणि जावई आपल्या लेकीच्या लायकीचा नाही हे त्यांचं मत राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही फारसं बदललं नव्हतं म्हणतात. यानंतर आईला त्या घरातलं सगळं दिसायला लागलं, टोपी आणि कोट अजून खुंटीला आहेत, किचन अगदी साधं, वरचा मजला दाखवत नाहीत. १९५३ मध्ये हा माणूस इथे परत आला तेव्हा पेन्शन फक्त आर्मीची, महिना ११२ डॉलर ५६ सेंट. माजी राष्ट्राध्यक्षांना पेन्शनचा कायदा १९५८ ला झाला. बाबा सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, त्यांनी तो आकडा डायरीत पैशांसकट लिहून घेतला. आणि त्याच उन्हाळ्यात हे दोघं नवराबायको स्वतःची क्रायस्लर घेऊन, बॉडीगार्ड नाही काही नाही, वॉशिंग्टन-न्यूयॉर्कपर्यंत रोड ट्रिपला गेले, वेगावर बेसबाईंचं लक्ष. आईने गाडीत नवऱ्याच्या स्पीडोमीटरकडे बघायला सुरुवात केली ती इथूनच.

कॅन्ससमध्ये अ‍ॅबिलीन. आयसेनहॉवरचं लहानपणचं घर, हजार स्क्वेअर फूटसुद्धा नाही, त्यात सहा पोरं आणि मोठी माणसं. पुण्यातला टू बीएचके, बाबा म्हणाले, फक्त पार्किंग चांगलंय. हाच माणूस १९१९ मध्ये लष्कराच्या ट्रकांबरोबर वॉशिंग्टन ते सॅनफ्रान्सिस्को गेला होता, चिखलातून, मोडक्या पुलांवरून, ६२ दिवस लागले, आणि १९५६ मध्ये इंटरस्टेट महामार्गांच्या कायद्यावर सही त्याचीच. निळ्या पाटीवर पाच तारे दिसतात ना रस्त्यात, ते त्याचे.

शेवटचं लेकीचं, कॉकर सिटीतला सुतळीचा गुंडा. फ्रँक स्टोबर नावाच्या शेतकऱ्याने १९५३ मध्ये, म्हणजे ट्रुमन घरी आला त्याच वर्षी, गोठ्यात पडलेले सुतळीचे तुकडे गुंडाळायला घेतले, आता त्याचं वजन नऊ टनांच्या वर आहे आणि अजून वाढतंय, कारण येणाऱ्यालाही सुतळी गुंडाळता येते. सुतळी घायपाताची, आपल्याकडे बांधावर असतो तोच. मांडवाखाली तो भला मोठा गुंडा, आणि आई सुतळीचं टोक धरून त्याच्याभोवती निघाली, अगदी वटपौर्णिमेला वडाभोवती निघावी तशी. अर्ध्यात थांबून विचारते, किती मारायचे?

सात पुरे, बाबा म्हणाले, नाहीतर मी परत हाच गुंडा बघायला येणार.