अहवालासाठी अर्ज अडत नाही

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 अन्वये संरक्षण आदेश मिळवताना मला खरा मनस्ताप झाला तो न्यायालयात नव्हे, तर संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे घरात झालेल्या हिंसाचाराची ठरावीक छापील नमुन्यातली नोंद, तयार करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे हे त्यांचे कर्तव्य असल्याने पोलीस ठाण्यातून मला तेथे धाडण्यात आले. मॅडम कधी बैठकीला, कधी दौऱ्यावर, तर कधी दुसऱ्या तालुक्याच्या अतिरिक्त कार्यभारात अडकलेल्या असत आणि लिपिक माझे कागद चाळून "सोमवारी या" एवढेच सांगत. अखेर नमुना भरायला घेतला, तेव्हा नवऱ्याने माझे एटीएम कार्ड काढून घेतल्याचे लिहायला त्यांनी साफ नकार दिला. "मारहाण झाली असेल तेवढी सांगा, पैशांवरून भांडणे घरोघरी असतात," असे त्यांचे म्हणणे. वास्तविक त्याच छापील नमुन्यात आर्थिक हिंसाचाराचा स्वतंत्र भाग आहे आणि पत्नीला व मुलांना निर्वाहासाठी पैसे न देणे ही त्यातली एक ओळच आहे. त्या ओळीवर मी बोट ठेवले, तेव्हा कुठे नोंद झाली. पुढे सहीच होईना. उलट "आधी दोघे समुपदेशनाला बसा" असा सल्ला मिळाला. समुपदेशनाचा निर्देश देण्याचा अधिकार कलम 14 नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांचा आहे, हे त्या टेबलावर कोणाच्या गावीही नव्हते.

तेथे दिलेल्या प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. ती नसेल, तर तुम्ही आलाच नव्हता असे सांगायला ते मोकळे असतात.

कोंडी फोडली ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकीलबाईंनी. स्त्रियांना हे साहाय्य उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळते. अहवाल नसला तरी न्यायदंडाधिकारी अंतरिम आणि अंतिम असे दोन्ही आदेश देऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात स्पष्ट केले असल्याचे त्यांनी सांगितले. मग आम्ही कलम 12 खाली थेट अर्ज केला आणि कलम 23 खालील अंतरिम आदेशासाठी प्रतिज्ञापत्र जोडले. मी माहेरी राहत असल्याने अर्ज तिथल्याच न्यायालयात चालला. सासरच्या गावी खेटे घालावे लागले नाहीत. नवऱ्याने मला मारहाण करू नये, माझ्याशी संपर्क साधू नये आणि माझ्या नोकरीच्या ठिकाणी येऊ नये, असा अंतरिम आदेश झाला, तोवरही तो अहवाल न्यायालयात पोहोचलेला नव्हता.

आदेशाची प्रत कलम 24 नुसार विनामूल्य मिळते. पोलीस ठाण्याकडेही न्यायालय ती पाठवते, पण ती तेथे पोहोचली आहे ना, हे स्वतः जाऊन विचारावे. आदेश मोडल्यास कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि रात्री दारात कोणी उभे राहिले तर 112 वर बोलताना आदेशाचा क्रमांक व तारीख सांगता आली पाहिजे.