तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला मोबाइल किती वेळ द्यावा?

लग्नाच्या पंगतीत, एसटीत, शाळेच्या ओट्यावर, हा प्रश्न मला हमखास येतो. "ताई, तुम्ही लहान मुलांचे गेम बनवता ना, मग सांगा, पोराला मोबाइल किती वेळ द्यावा?" विचारणारी आई दमलेली असते. तिला मिनिटं हवी असतात.

तर आधी मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. दोन वर्षांचं होईपर्यंत स्क्रीन नको, दोन ते चार या वयात दिवसाला तासाभराच्या वर नको, त्याहून कमी असेल तर अधिक चांगलं. एवढं घरात पाळा.

पण शाळेत जाणाऱ्या पोराची आई विचारते तेव्हा मी घड्याळाकडे जात नाही. मी विचारते, तो जे खेळतो ते संपतं का?

मी जळगाव जिल्ह्यात वाढले. भाद्रपदाच्या पौर्णिमेला गुलाबाई बसायची, कुणी तिला भुलाबाई म्हणतं. मग कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी आम्ही पोरी घरोघर गाणी म्हणत फिरायचो. गाणी झाली की त्या घरची काकू झाकण घट्ट लावलेला डबा आणायची. ओळखा खाऊ! डबा कानाशी धरून हलवायचा. खुळखुळ वाजलं तर फुटाणे, थप्प झालं तर शिरा, काहीच वाजलं नाही तर सगळ्या एकमेकींकडे बघायच्या. चुकलं की हसू, आणि डबा पुढचीच्या हातात. ओळखलं की खाऊ वाटायचा आणि पुढचं घर. शेवटचं घर झालं की अंधार पडायच्या आत आपापल्या दारात.

मुलांसाठी तंत्रज्ञान घडवणं म्हणजे काय, ते मी त्या डब्यावरून शिकले. हाताने काही करावं आणि वस्तूनं लगेच उत्तर द्यावं. चुकलं तर मान खाली जाऊ नये. एकटीनं खेळता येऊ नये. आणि खेळाला घरी जायची वेळ असावी.

आधी पुण्यात एका कंपनीत होते तेव्हा आम्ही याच्या उलट करत होतो. आमच्या अक्षरांच्या गेममध्ये एक फूल होतं. रोज आलात तर ते उमलायचं, एक दिवस चुकला तर कोमेजायचं. आकडे वाढले, सगळे खूश होते. मग एका आईनं लिहून पाठवलं की तिची सहा वर्षांची मुलगी तापात फणफणलेली असताना रात्री उठून मोबाइल मागत रडली, फूल सुकेल म्हणून. ते फूल मीच रेखाटलं होतं. त्याच्या पाकळ्या वाकताना किती हळू वाकल्या पाहिजेत, यावर मी दोन दिवस घालवले होते. पत्र वाचल्यावर मला ते काम पुढे करता आलं नाही.

आता आम्ही तिघं साक्री तालुक्यातल्या शाळांसाठी काम करतो. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात ॲलिसन ड्रुइन यांनी मुलांना रचनेतले भागीदार मानून सोबत घेतलं. आम्हीही कच्चा गेम आधी पोरांपुढे ठेवतो. पोरं जे दाखवतात ते आमच्या टेबलावर कधी दिसलं नसतं. दुसरीतला एक मुलगा सारखा चुकत होता. त्याला अक्षरं येत नसतील असं मला वाटलं. शेजारी बसून पाहिलं, तर चुकल्यावर आम्ही लावलेला बेडकाचा आवाज त्याला ऐकायचा होता. बरोबर उत्तराला नुसती घंटी होती, ती कोण ऐकणार? आता बेडूक बरोबर उत्तराला ओरडतो.

दुसरी एक मुलगी बटण दाबायची आणि काहीच व्हायचं नाही. मोबाइल धरलेल्या डाव्या हाताचा अंगठा काचेवर टेकला होता आणि यंत्र तोच स्पर्श मोजत बसलं होतं. लहान हाताला मोबाइल असाच धरावा लागतो, त्यात तिचं काय चुकलं? आम्ही कडेची पट्टी मुकी केली.

भटजीचा भ काढून भरिताचा भ घेतला तेव्हा वर्गात केवढा गलका झाला! आणि घरी अहिराणी बोलणाऱ्या पोरांसाठी सूचना एका आजीच्या आवाजात अहिराणीत दिल्या. आजी बोलायला लागल्या की पोरं मोबाइलला उत्तरं देतात.

मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं, याला मनाई करणारी तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. पण न संपणारा खेळ ओळखायला आईला कायदा वाचायची गरज नाही. पोराशेजारी बसून एक गेम शेवटपर्यंत खेळून बघा. एक फेरी संपल्यावर गेम थांबतो, की तुम्ही काही म्हणायच्या आत पुढची सुरू करतो? सोडून गेल्यावर रुसतो का, भीती घालतो का? घालत असेल तर पाच मिनिटंही जास्त आहेत.

यंदा आम्ही तो डबा मोबाइलमध्ये आणलाय. मोबाइल हलवला की आतला खाऊ वाजतो. पाच खाऊ ओळखले की आजी म्हणतात झालं, आणि स्क्रीन काळी होते. पहिल्या चाचणीत शेवटी आम्ही खाऊचं चित्र दाखवलं होतं. चौथीतल्या एका पोरीनं ते पाहिलं, मोबाइल उलटा करून मागून पाहिला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "खाऊ कोठे शे?"

चित्र काढून टाकलं. आता गेम लावायच्या आधी बाई शेंगदाण्यांचा डबा टेबलावर आणून ठेवतात.